मागच्या सीटवरचा हात

आमच्या स्कूटरला इंडिकेटर आहेत हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर इंडिकेटर मीच होते. उजवीकडे वळायचं असलं की मी मागच्या सीटवरून उजवा हात लांब करायचे, बांगड्या खुळखुळायच्या आणि आमचे हे मागे न बघता ऐटीत वळायचे. दोघांचीही ऑफिसं बेलापूरला, घर जुईनगरला. नोकरीभर आमची वरात अशीच निघायची, आणि निवृत्तीनंतरही भाजीपासून बारशापर्यंत सगळीकडे आम्ही जोडीनंच.

आरसे होते, पण आत वळवलेले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या इतक्या चिकटून लागतात की बाहेर आलेला आरसा संध्याकाळपर्यंत शाबूत राहत नाही. त्यामुळे सगळेच ते आत दुमडतात आणि बाहेर पडताना उघडायचं विसरतात. यांना त्यात स्वतःच्या मिशा छान दिसायच्या. मागचा रस्ता बघायला मी होतेच की! "बस येतेय, थांबा. आता चला. अहो, चला म्हणते ना!" हेल्मेट मात्र आम्ही नेमानं घ्यायचो. ते यांच्या कोपरावर लटकायचं आणि पुढे पोलीस दिसला की डोक्यावर चढायचं. कोपराला काही होऊ नये याची पुरेपूर काळजी घेतली होती म्हणायची.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्कूटरवर बसायची साफ बंदी घातली. मी घरात वॉकर धरून फिरत होते आणि हे पहिल्यांदाच एकटे बाहेर पडायला लागले. एका सकाळी माझ्यासाठी ताजे बोंबील आणतो म्हणून सीवूड्सच्या बाजूला गेले, ते रिक्षातून परत आले. शर्टाची बाही फाटलेली, कोपर सोललेलं. हेल्मेट त्याच हाताला.

रिक्षावाला जवळच्याच गावातला होता. यांना सोफ्यावर बसवून तो मला म्हणाला, "काकी, काकांनी मागं बगलाच नाय. सरल उजवीकरं वलले. मी ब्रेक मारला म्हनून बरा, नायतर काय खरा नव्हता."

तो गेल्यावर मी यांच्याकडे बघितलं. खाली मान घालून म्हणाले, "सवयीनं वळलो गं. मला वाटलं, तू हात केला असशील."

मी हसले आणि लगेच रडूही आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी मागे बसून यांना सांभाळते. खरं तर मी यांची मागे बघायची सवयच खाऊन टाकली होती. आणि त्या दिवशी रिक्षाचा ब्रेक लागला नसता तर?

पुण्याहून लेकीचा फोन आला. स्कूटर विकून टाका, रिक्षाने फिरा. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठीवरूनच कळत होतं, स्कूटर गेली तर हे घरातून फारसे बाहेर पडणार नाहीत. माणूस जिवंत राहावा हे तर हवंच, पण तो टीव्हीसमोर बसून राहावा, हेही मला नको होतं. मी लेकीला म्हटलं, "थोडे दिवस दे मला."

दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये आमची शाळा भरली. सीवूड्सहून आणवून घेतलेली स्कूटर मेन स्टँडवर, हे सीटवर, आरसे उघडलेले. मी वॉकर घेऊन मागे उभी. मी बोटं दाखवायची, आरशात बघून यांनी किती ते सांगायचं. मग इंडिकेटर, मग आरसा, मग मान वळवून एक नजर, आणि मगच हँडल. शेजारणी गॅलरीतून म्हणायच्या, "काकू, काका पास झाले का?" हे चिडायचे, पण यायचे. हेल्मेटचा पट्टा मी स्वतः हनुवटीखाली लावून द्यायचे. गेटपासून दुभाजकाच्या फटीपर्यंत उलट्या बाजूनं जायची आमच्या अख्ख्या सोसायटीची रीत आहे, एवढंसं तर जायचं असतं. तीही बंद केली. लांबचा वळसा पडतो म्हणून यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. फुगवू देत म्हटलं.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि आम्ही जोडीनं बोंबील आणायला निघालो. यांच्या डोक्यावर हेल्मेट, माझ्याही डोक्यावर नवं कोरं. वळण आलं. माझा हात आपोआप बाहेर गेला, बांगड्या खुळखुळल्या.

"हात आत घे," हे म्हणाले. "मागे टेम्पो आहे. तो जाऊ दे, मग वळू."

मी वळून बघितलं. खरंच टेम्पो होता. मला तो दिसलाच नव्हता.

हात आत घेतला. आता त्याचं करायचं काय, ते क्षणभर कळेना. मग तो यांच्या खांद्यावर ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, वळण येऊन गेलं तरी मी गप्प बसून राहिले.