गप्प राहणारा कागद

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आईच्या भजनांची स्वरलिपी छापायची म्हणून मी तात्यापाऱ्यातल्या एका दुकानात चकचकीत पांढरा कागद मागितला. जाड चष्म्याच्या म्हाताऱ्या दुकानदारानं त्यातला एक ताव कानाशी नेऊन हलवला.

“हा लय बोलते, भाऊ. गाण्यात कागदानं चूप राहावं. वाजवते कोण?”

“आई. पेटी वाजवते.”

मग त्यानं मऊ, पिवळसर कागद काढला. डाव्या हातानं भाता मारल्यासारखं करत उजव्या हाताच्या एकाच बोटानं तो उलटून पाहिला. “हव, हाच न्या.”

मी नाक मुरडतच घेतला. त्याचं नावही विचारलं नाही.

आता आई नाही. पानांच्या कोपऱ्यांवर तिच्या बोटांची हळद आहे. चकचकीत कागदानं ती धरून ठेवली नसती.