शिंपीमास्तरांच्या उशा

कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत शिंपीमास्तरांच्या बायकोचा डावा स्तन गेला. महिन्याभराने लेकीच्या शाळेत जायचं होतं, तर ती आरशासमोरून हलेना.

"अहो, जन्मभर लोकांचे कपडे बेतलेत, आता माझं काय ते बघा की."

मास्तरांनी मऊ सुती कापडाची छोटी गोल उशी शिवली, आत कापूस भरला. दुपारपर्यंत ती सरकत खांद्याशी पोचली. "ही तर पळकुटी निघाली," बायको हसली. मग मास्तरांनी कापसात मूठभर मोहरी घालून वजन आणलं, तेव्हा कुठे उशी जागेवर टिकली.

तपासणीला गेल्यावर तिने ती नर्सबाईंना दाखवली. पुढच्याच आठवड्यात तिघीजणी दुकानाच्या दारात उभ्या. बायको पडद्याआड मापं घ्यायची, मास्तर पाठ फिरवून तिने सांगितलेले आकडे लिहून घ्यायचे. कुणाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हे तिनेच ठरवलं.

चार वर्षांनी दुखणं उलटलं आणि ती गेली. बायका मात्र येतच राहिल्या, मापं नर्सबाई घेऊ लागल्या. पुढे रीतसर संस्था झाली, रुग्णांना ने-आण करणारी गाडी आली, दुसऱ्या मजल्यावर कार्यालय थाटलं. उशा आता सिलिकॉनच्या, कारखान्यातून येतात. वार्षिक सभेत मास्तरांना पहिल्या रांगेत बसवतात. घरी येऊन ते एकट्यापुरतं वाढून घेतात. लेक परगावी असते, रविवारी फोन करते.

परवा एक म्हातारी जुनी, विटलेली उशी घेऊन दुकानात आली.

"मोहरीचा भुगा झालाय, मास्तर. बदलून द्या."

"संस्थेत नवीन मिळते, फुकट."

"नको. ही तुमच्या बायकोने स्वतः लावून दिलेली. माझा खांदा धरून म्हणाली, 'आता खाली बघत चालायचं नाही हं.'"

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली. पडद्याआडून त्यांना फक्त आकडे ऐकू यायचे.

"अजून काय म्हणायची?"

म्हातारीने आठवून आठवून सांगितलं. तेवढं संपल्यावर नवी मोहरी भरलेली उशी घेऊन ती गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी संस्थेत फोन लावला. "सुरुवातीच्या बायकांचे पत्ते असतील का?"

"तेव्हाची नोंदच नाही हो, मास्तर," कारकून म्हणाला. "काही काम होतं का?"

"नाही, सहज," म्हणत मास्तरांनी फोन ठेवला.