लाल पानाची सत्तावीस मिनिटं

आमच्या कॉलेजच्या कपाटात एक जुनी प्रयोगवही आहे. दर वर्षी पोरं तिच्यावरून आकडे उतरवतात. वही माझी, मी इथे विद्यार्थिनी होते तेव्हाची; वर नावही माझंच आहे. आता मी इथेच वनस्पतिशास्त्र शिकवते आणि ती वही माझ्या मानगुटीवर बसलीय.

प्रयोग तसा सोपा. एका हिरव्या पानाच्या आणि आंब्याच्या लाल कोवळ्या पालवीच्या चकत्या पंचिंग मशीनने पाडायच्या. सिरिंजने त्यांच्यातली हवा ओढून घ्यायची, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या आणि दिव्याखाली ठेवायच्या. पान उजेडात अन्न करू लागलं की प्राणवायू सुटतो आणि चकती वर येते. किती मिनिटांत आली ते लिहायचं, बस्स.

माझ्या हिरव्या चकत्या भराभर वर आल्या. लाल मेल्या तळाला बसून राहिल्या. तासभर वाट बघितली, ग्लासला टिचक्या मारून झाल्या. सर म्हणाले, रकाना रिकामा चालणार नाही, आकडा हवा. मग दिला ठोकून: सत्तावीस मिनिटं. सरांनी पाठ थोपटली आणि वही नमुना म्हणून कपाटात ठेवली. मला केवढा आनंद झाला होता, सांगायलाही लाज वाटते.

पुढे एम.एस्सी.ला कळलं, की इतकं कोवळं पान स्वतःच्या पोटापुरतंही अन्न करत नाही, झाडाच्या जिवावरच वाढतं. म्हणजे रिकामा रकाना हेच बरोबर उत्तर होतं! पण आता सर विभागप्रमुख, आणि माझी नेमणूक कंत्राटी. दर जूनला त्यांच्याच सहीने नवी होते. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचा नमुना खोटा आहे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

यंदा वर्गात एक मुलगी आली. माझ्याच वेंगुर्ल्याची, म्हणून माझ्याशी हक्काने मालवणीत बोलायची. बाकीचे आकडे उतरवून कँटीनला पळाले, ही ग्लासापुढे बसून. तीन दिवस तिने तोच प्रयोग केला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली.

“लाल पान वर येणाच नाय, मॅडम. तुमचा कसा इला?”

सर शेजारीच पेपर तपासत होते. ‘अगो, माझा पण नाय इला,’ अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, दिवा जवळ घे आणि नीट कर परत. स्वतःचाच असा संताप आला मला! ती परत ग्लासाकडे गेली.

शुक्रवारी तिने वही सहीला आणली. लाल पान: सत्तावीस मिनिटं. मी वर पाहिलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मी सही केली.

“धन्यवाद, मॅडम,” ती म्हणाली. त्या दिवसापासून ती माझ्याशी मालवणीत बोलत नाही.