मनालीनं अर्ध्यावर सोडलेला धवला

इथले अनुभव मी टाइमपास म्हणूनच वाचतो, खरं सांगतो. मी साउंड इंजिनिअर. विचित्र आवाज आला की आधी केबल तपासणारा माणूस... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

महाप्याला एका औद्योगिक इमारतीत माझा छोटा स्टुडिओ आहे. शेजारच्या गाळ्यात प्रेस मशीन धडधडते, म्हणून रेकॉर्डिंग फक्त रविवारी. माझी मैत्रीण मनाली, शिरवणे गावची, बँड सोडून पहिला सोलो अल्बम करत होती. सगळी गाणी स्वतः लिहिलेली आणि सगळी उदास. "एक तरी नाचायचं ठेव गं," म्हणून मी तिला छळायचो.

तिची आई धवलारीण — म्हणजे आगरी लग्नात धवले ही विधीची गाणी गाऊन लग्न लावणारी बाई. लकव्यात तिची वाचा गेली, अंथरूण धरलं. इतकी लग्नं गाजवली, पण तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. लग्नाच्या व्हिडिओंत शूटिंगवाल्यांनी वर सिनेमाची गाणी चढवलेली! मनालीला याचं फार वाईट वाटायचं.

शेवटच्या गाण्यात तिनं आईचाच एक धवला घेतला आणि मुद्दाम अर्ध्यावर सोडला. इफेक्ट म्हणून. मलाही आवडलं.

"आईनं हाणलं असतं मला," ती म्हणाली. "सुरू केलेला धवला ती कधी अर्धा सोडायची नाही."

टेक सुरू झाला. ठरल्या जागी मनाली थांबली... आणि माझ्या हेडफोनमध्ये पुढची ओळ आली. बाईचा जाड, जरा फाटका आवाज. काचेपलीकडे मनालीचं तोंड बंद होतं. तीही ऐकत होती, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून.

"आई आहे ही," ती म्हणाली.

तेवढ्यात घरून तिच्या मावशीचा फोन. "मने, तुजे आयचे व्हट हालतान गो! आवाज नाय, पन घामानं न्हायलीय. धाप लागलीय."

तरी मी केबल बदलली, माइक बदलला आणि हट्टानं दुसरा टेक घेतला. पुन्हा तोच आवाज, या वेळी दमलेला, मधे मधे तुटणारा. पुन्हा मावशीचा फोन, या वेळी रडत. "डाक्टरला बोलवू काय?"

मनाली मला म्हणाली, "रेकॉर्ड कर. मी पुरा गाते." डोळे मिटून तिनं धवला शेवटपर्यंत गायला. हेडफोनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मावशीनं कळवलं, "निजली. बरी हाय."

मला मात्र राहवेना. खात्री करायला मी पहिला टेक हळूच वाजवला. आवाज तसाच होता, स्वच्छ. दोन ओळी झाल्या नाहीत तोच फोन खणखणला. "परत चालू झाला गो! छाती बघ कशी उडतेय!"

मी घाईघाईनं स्टॉप दाबला.

मग मी म्हटलं, "असू दे डिस्कवर. वाजवायचा नाही, बस."

"मी वाजवेन रे. आज नाही तर उद्या. मला नाही राहवणार," ती म्हणाली. माझ्या हातून माउस घेऊन तिनं पहिले दोन्ही टेक डिलीट केले, रिसायकल बिनही रिकामं केलं. मग टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

अल्बम आला. त्यात धवला पुरा आहे, मनालीच्याच आवाजात. या लाइनमधले मित्र म्हणतात, जुनी फाइल मिसळली असेल. पण त्या बाईची जुनी फाइल होतीच कुठे? मला आजही काही सांगता येत नाही. पुरावा मागाल तर तोही नाही. तो आम्ही पुसला, आणि मनालीची आई काल वाटीभर पेज प्यायली.