पोष्टरांची जनावरं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या मुलांपाशीही नाही. आणि आज बोलायला बसले, तरी आधी माझ्या बालवाडीचंच कौतुक सांगणार आहे— अभिमान काही जात नाही, त्याला मी काय करू?

मिरजगावपासून कोसभर आत आमचं गाव. बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट. देवळामागच्या खोलीत मी वीस-बावीस पोरं घेऊन बसायची. तीन-चार वर्षांची, शेंबडी, गोड. पाऊस नव्हता, गावातली गुरं छावणीत गेली होती. पोरं गोठ्यात जाऊन परत यायची आणि मला विचारायची, "बाई, आमची कपिली कवा येनार?" म्हणून मी ठरवलं, यांना जनावरं करून द्यायची. कागदाची.

करायला सोपी असतात. कागद दुमडायचा, घडीकडून पाठ आणि मोकळ्या बाजूला चार पाय असं कापायचं— जनावर आपलं आपण उभं राहतं. कापायची मी. कान फाडणं, खळीने सुतळीची शेपटी चिकटवणं, कोळशाने डोळे काढणं हे पोरांचं काम. पण वर्तमानपत्राचा बैल लगेच फतकल मारायचा. जाड कागद आणायचा कुठून? पंचायतीने पाट्या दिल्या होत्या, कागद नव्हता.

तेव्हा निवडणूक होती. एका बड्या उमेदवाराची गुलाबी पोष्टरं संध्याकाळीच गावभर लागली. जाड, सुरेख कागद. पहाटे पाण्याला जाताना मी एक कोपरा ओढून पाहिला— खळ ओलीच होती. अख्खं पोष्टर हातात आलं. मग दुसरं. मग... सगळी भिंत. छापील बाजू आत दुमडली की कुणाला काय कळणार होतं?

त्या सकाळी माझ्या वर्गात शेळ्या होत्या, बैल होते, एक हत्तीसुद्धा होता. गुलाबी! पोरं त्यांना खरंखुरं गवत चारत होती. तशी बालवाडी तालुक्यात दुसरी नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

आणि बाहेर चौकात दगडूला मारत होते.

दगडू शिंपीकाम करायचा. त्याचं मशीन त्याच भिंतीला लागून असायचं, आणि तो दुसऱ्या उमेदवाराचा माणूस. मग पोष्टरं कुणी फाडली असणार? त्या बड्या उमेदवाराच्या माणसांनी विचारलंही नाही त्याला. मला सगळं ऐकू येत होतं. मी उठले— आणि दार लावून घेतलं.

त्याची मुलगी शकू माझ्यासमोरच बसली होती. चार वर्षांची. तिने मान वर केली.

"बाई, माज्या दादांचा आवाज हाय."

"नाही गं," मी म्हणाले. "तुझी शेळी बघ, पडली बघ."

तिने शेळी उभी केली. पुन्हा दाराकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं, मोठ्याने. पोरंही म्हणू लागली. शकूही म्हणू लागली.

मशीन रस्त्यावर आपटलं होतं, त्याचं चाक फुटलं. दगडूचा गाल फाटला. बालवाडीची खोली त्या पोष्टरवाल्या उमेदवाराचीच होती. मी बोलले असते तर बालवाडी गेली असती. पण ते मला नंतर सुचलं, हेही सांगायला हवं. दार लावताना मी फक्त घाबरले होते.

पोरं गेल्यावर जनावरं मोजली तर एक शेळी कमी. शकूने झग्यात लपवून नेली होती. कुणी ती उलटी केली असती तर पोटात उमेदवाराची अर्धी मिशी दिसली असती. मी तशीच दगडूच्या घरी गेले.

दगडू भिंतीला टेकून बसला होता, गालावर हळद. मला बघून उठायला लागला.

"बाई, तुमी आला? सकाळपासनं कुनी उंबऱ्याला पाय लावला न्हाई."

"बसा, बसा," म्हणाले. कसं आहे, विचारलं. पाणी प्यायले. आणि मग शकूला म्हणाले, "शेळीचं चिकटवायचं राहिलंय गं, ही दे, उद्या नवी देते."

तिने ती पोटाशी घट्ट धरली.

"दे गं शके," दगडू म्हणाला. "बाई मागत्यात न्हवं?"

तिच्या मुठीतून मी ती सोडवून घेतली. एक कान तिच्या हातातच राहिला. घरी येऊन शेळी बंबात घातली. बाकीच्यांची पोटं वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून बंद केली. पुढे कर्जतहून साहेबीणबाई पाहायला आल्या, खूश झाल्या, इतर गावच्या बाया माझ्याकडे शिकायला आल्या. नवी शेळी? गुलाबी कागद पुन्हा कुठला मिळायला? तिने मागितली नाही, मीही दिली नाही.

दगडूने दुसरं मशीन घ्यायला दोन वर्षं घातली. तोवर तो मजुरीला जायचा. मी रोज त्याला जाताना बघायची.

शकूच्या लग्नात त्याने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्याच्या बायकोने सगळ्यांच्या आधी माझी ओटी भरली. आणि भरल्या मांडवात दगडू म्हणाला, "मला मारलं त्या दिशी सगळा गाव दारं लावून बसला हुता. एकल्या बाई माज्या घरी आल्या."

लोक वळून माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली.

तेव्हा मला लाज वाटली, असं सांगायला हवं ना? नाही वाटली. ऊर भरून आला. मनात आलं, खरंच की— एकटी मीच गेले होते.