करकरणारी चप्पल

मंगळवार पेठेत आमच्या बोळाच्या मध्यावर आण्णांचं चपलांचं दुकान होतं. माणूस ख्रिस्ती, देवभीरू आणि, खरं सांगायचं तर, वैताग आणणारा. आपलं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, शपथा वाहू नयेत, असं त्यांच्या शास्त्रात आहे. बाकीचे लोक हे रविवारी ऐकून घरी जेवायला येतात. आण्णांनी ते गिऱ्हाइकांवर सुरू केलं. मंगळवार म्हणाले की चप्पल मंगळवारी तयार, मग अंगात ताप का असेना. कातडं कच्चं निघालं तर स्वतःच सांगून गिऱ्हाईक घालवायचे. त्यांची बायको बयाबाई कपाळाला हात लावायची.

सत्त्याण्णव साली फुटबॉलच्या सामन्यावरून दोन संघांत भांडण पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोलकीपर गुंडू दूध आणायला निघालेला, तेव्हा दुसऱ्या संघातल्या यशराजनं लोखंडी गजानं त्याचा गुडघा फोडला. आण्णांच्या दुकानासमोरच. पाहिलं चौघांनी, पण पोलीस आल्यावर तिघांची नजर अचानक अधू झाली. आण्णा तेवढे म्हणाले, "यशराजनं मारलं."

यशराज जामिनावर सुटला आणि रोज दुकानात येऊन बसू लागला. त्याच्या पायातली चप्पल आण्णांनीच केलेली, करकर वाजणारी. कोपऱ्यावर ती करकर आली की बोळातली बोलणी थांबायची. तो दमदाटी करत नसे. एकदा नुसतं म्हणाला, "पूर्णिमा नववीत न्हवं आता? सायकलवरनं एकटीच जाती व्हय?"

आण्णांच्या हातातली आरी थांबली. आमचं घर दुकानाला लागूनच; त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून बयाबाईचा आवाज ऐकू आला.

"आठवत न्हाई म्हणा कोर्टात. तेवढंच."

"आठवतंय की, बया."

"पोरगी माझीबी हाय!"

आण्णा जेवले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. लेकीपेक्षा शब्द मोठा असतो का?

साक्षीच्या आदल्या दिवशी यशराजनं पायातल्या चपला काढून आण्णांसमोर ठेवल्या. "अंगठा निसटलाय. उद्या सांजच्याला न्ह्यायला येतो. तुम्ही असणार न्हवं दुकानात?"

आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाले.

यशराज हसला आणि अनवाणीच निघून गेला.

मी तसाच दुकानात शिरलो. "आण्णा, साक्ष झाली की तिथनंच पन्हाळ्याला मेव्हण्याकडं जावा."

"बयाला आन पोरीला धाडतो. मी व्हय म्हटलोय."

"अवो, पण कुणाला म्हटलाय!"

"त्याच्यासाठी येगळं व्हय कुठनं आणू?"

मग त्यांनी अंगठा शिवला आणि चपलांना तेल लावलं. वैऱ्याच्या चपलांना! इतक्या मायेनं त्यांनी माझ्या चपलांनाही कधी हात लावला नव्हता.

कोर्टात आण्णांनी शपथ घेतली नाही. "खरं सांगतो," म्हणाले, आणि यशराजकडे बोट केलं. कुबड्या धरून उभा असलेला गुंडू रडायला लागला. यशराज मान खाली घालून ऐकत होता. निकाल लागायला अजून अवकाश होता, तोवर तो मोकळाच.

दुपारच्या एसटीनं बयाबाई आणि पूर्णिमा पन्हाळ्याला गेल्या. आण्णांनी येऊन दुकान उघडलं. बोळातली दारं एकेक करून लागली. मी खिडकीत उभा राहिलो. करकर ऐकू आली की ओरडायचं, माणसं गोळा करायची, असं मी ठरवलं होतं. सगळं लक्ष कोपऱ्याकडे होतं.

दिवेलागण झाली. कोपऱ्यावर काही वाजलं नाही. आज काही येत नाही तो, असं वाटून मला जरा हायसं वाटलं. सहज दुकानाकडे नजर गेली. दाराबाहेरच्या खिळ्याला त्या चपला टांगलेल्या होत्या, तेलानं चकाकत.

पायरीवर दोन अनवाणी पाय कधीच येऊन थांबले होते.

"झाल्यात," आतून आण्णांचा आवाज आला. "या, बसा."