गाऱ्हाण्यात घुसलेलं मंत्रिपद

दिल्लीत मंत्रिमंडळाचा फेरबदल व्हायचा असला की पावसजवळच्या एका वाडीत हरिश्चंद्र सुर्व्यांच्या घरची आमटी आठ दिवस आधीपासून थंड व्हायला लागायची. हा माणूस ताटावरून उठून टीव्हीसमोर जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. बायको, दमयंती, आमटी तिसऱ्यांदा चुलीवर चढवायची तेव्हा वर हाच तिला म्हणायचा, "अगो, तिकडे देशाची खाती बदलतायत आणि तुझा आपला आमटीचा घोष!" लग्नाच्या पहिल्या वर्षी दमयंतीला या गोष्टीचं कौतुक वाटलं होतं. आता पस्तीस वर्षांनंतर तिला टीव्ही विहिरीत टाकावासा वाटायचा.

हरिश्चंद्राची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली. काट्यांवर नजर ठेवायची, तासातासाला आकडा लिहायचा, काही कमीजास्त दिसलं तर वरच्या साहेबाला कळवायचं. त्यात स्वतःचं मत द्यायची सोय नव्हती. एकतीस वर्षांचं ते न दिलेलं मत पोटात तसंच साठून राहिलं असावं, कारण निवृत्त होऊन गावी आला आणि पहिल्याच आठवड्यात पक्षाचा सभासद झाला. तेव्हापासून विनोदच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. आपल्या पक्षाने कोणाला मंत्री केलं तर तो त्या खात्यासाठीच जन्माला आलेला असायचा. त्यालाच डच्चू दिला तर पक्षबांधणीसाठी मोकळा केलेला असायचा. नेत्यांनी काहीही करावं, हरिश्चंद्राकडे कारण तयार.

समोरच्या बाकावर महिपत बसायचा. हा पूर्वी मोठ्या बोटींवर खलाशी होता आणि पक्का विरोधी पक्षाचा. तोही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. त्याच्या पक्षाचं सरकार असताना त्याने याहून लंगडी कारणं याहून मोठ्या आवाजात दिली होती. दोघे एकमेकांच्या नेत्यांचा उद्धार करायचे, विनोद कपाळाला हात लावायचा आणि दहाच्या सुमारास दोघे एकाच पाणंदीने घरी जायचे, कारण घरं शेजारी शेजारी होती आणि दुसरी वाट नव्हती.

मात्र देवळाच्या पायरीवर पक्ष उतरवून ठेवायचा, हा नियम दोघांनीही कधी मोडला नव्हता. वाडीचं गाऱ्हाणं हरिश्चंद्र घालायचा. त्याच्याआधी त्याचे वडील घालायचे. कोणाचं लग्न असो, दुखणं असो, कोणी परगावी निघालेला असो, देवापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं. तो एकेक मागणी म्हणतो आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांचा होकार पडला की ती मागणी देवाकडे पोचली, असं वाडीत मानतात. होकार पडला नाही तर काय होतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं. आणि पहिला, सगळ्यांत मोठा होकार नेहमी महिपतचा असायचा. बोटीवर कमावलेला आवाज तो!

या खेपेला फेरबदलात आपल्या खासदारांचं नाव आहे अशी हवा होती. शनिवारी तालुक्याच्या अध्यक्षाचा फोन आला. गावोगावच्या देवळांत साहेबांसाठी साकडं घालायचं आणि त्याचा व्हिडिओ उद्या दुपारपर्यंत पाठवायचा. "तुमच्याइतकं गाऱ्हाणं कोणाला येतंय, सुर्वे?" असं अध्यक्ष म्हणाला, आणि हरिश्चंद्र फुलून गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

रविवारी देवळात नारळ होता तो महिपतचा. त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. बुधवारी सकाळी मुंबईला निघायचं, शुक्रवारी ऑपरेशन. सगळी वाडी जमली होती. महिपत नवं धोतर नेसून हात जोडून उभा होता आणि आयुष्यात प्रथमच भ्यालेला दिसत होता. हरिश्चंद्राने मोबाइल विनोदच्या हातात दिला, व्हिडिओ सुरू करायला सांगितलं आणि डोळे मिटले.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा, तुझा हा लेक महिपत मुंबईस जाताय…"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या जिवाची जी काय इडापिडा असंल ती दूर कर म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या खासदारसायबांस्नी केंद्रात मंत्रिपद लाभू दे म्हाराजा…"

मागून पक्षाच्या दोघातिघांनी कसाबसा होकार दिला, बाकी कोणी तोंड उघडलं नाही. हरिश्चंद्राने डोळे उघडले. महिपतने जोडलेले हात खाली घेतले होते. तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याची सून अक्षया त्याच्यामागे धावली. बाळा गुरव हातात न फोडलेला नारळ घेऊन कधी देवाकडे, कधी हरिश्चंद्राकडे बघत राहिला.

"वेगळा नारळ ठेवाया काय झाला होता तुमाला?" घरी आल्यावर दमयंती कडाडली. "पाच-पन्नास रुपयांचा नारळ! त्याच्या काळजाचा सवाल, आणि त्यात तुमी सायबाचा घोडा दामटलात?"

"गर्दी होती, सगळी माणसां जमलेली, एका कामात दोन…" हरिश्चंद्र म्हणाला.

"त्या खासदाराला तुमचा नाव तरी ठावूक हाय?"

हरिश्चंद्राने दार आपटलं.

मंगळवारी शपथविधी झाला. हरिश्चंद्र सकाळपासून टीव्हीसमोर बसला होता. एकेक नाव आलं, गेलं, खासदारसाहेबांचं काही आलं नाही. उलट, ज्या मंत्र्याची दोन वर्षं त्याने टपरीवर आरती ओवाळली होती, त्यालाच वगळलं होतं. दुपारी तालुक्याहून मजकूर आला: हा ऐतिहासिक फेरबदल आहे, सर्वांनी जोरात स्वागत करावं. हरिश्चंद्र टपरीवर गेला आणि सवयीने स्वागत करायला लागला. तरुणांना वाव, अनुभवाचा पक्षाला उपयोग, दूरदृष्टी. विनोद मान खाली घालून कप विसळत होता. समोरचा बाक रिकामा होता. कोणी खोडून काढेना, कोणी हसेना, कोणी शिवी देईना. आपलं बोलणं इतकं फुसकं आहे हे त्याला प्रथमच ऐकू आलं आणि स्वतःचाच भयंकर कंटाळा आला. अर्धा चहा टाकून तो उठला.

घरी येऊन त्याने एक नारळ घेतला. दमयंतीने पदर खोचला आणि त्याच्यामागोमाग निघाली.

महिपत पडवीत आरामखुर्चीत पडला होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती. हरिश्चंद्राला पाहून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"देवळात चल," हरिश्चंद्र म्हणाला.

"आता कोणाला मंत्री करायचाय?"

"महिपत, चुकलो मी. चल."

"माझ्याच्यान पायऱ्या चढवत नायत. रविवारी चढलो, त्या फुकट गेल्या. जा तू."

हरिश्चंद्र गेला नाही. तो पडवीतच देवळाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला, नारळ खाली ठेवला आणि हात जोडले. अक्षया ओटीवरून बाहेर आली. होकार द्यायला ती आणि दमयंती, दोघीच.

"देवा म्हाराजा, महिपत मुंबईस जाताय, त्याला राखणारा तू…"

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या.

"डॉक्टरांच्या हाताला यश दे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

पुढचे शब्द त्याला लहानपणापासून पाठ होते. ते आलेच नाहीत. भलतंच बाहेर पडलं.

"हा परत नाय आला तर मी भांडू कोणाशी, म्हाराजा?"

होकार पडला नाही. अक्षयाने डोळ्यांना पदर लावला.

"हऱ्या," खुर्चीतून वैतागलेला आवाज आला, "यावर माणसांनी व्हय काय म्हणायचा रे? गाऱ्हाणा घालतोस की रडतोस? पहिल्यापासून घाल. नीट घाल."

हरिश्चंद्राने बाहीने तोंड पुसलं. अक्षयाच्या खांद्याचा आधार घेऊन महिपत उठला आणि हात जोडून त्याच्याशेजारी उभा राहिला.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा, तुझा हा लेक महिपत…"

"व्हय म्हाराजा!" महिपत ओरडला.